आलं का?

नळाला पाणी येण्याआधी हवा येते.
रामबागेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
पहाटे पावणेचार, एक्याऐंशीचा मे:
आधी एक खोल ढेकर,
मग काहीच नाही,
मग फुस्, खड्, फुस्,
आणि पुन्हा काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत मी बादली धरून उभी,
पायाचा अंगठा फरशीवर आपटत.
अंगठा चुकत नव्हता.

दिवसा मी वीज मंडळात टायपिस्ट.
रात्री माझ्या मांडीवर चार तारांचं बेस गिटार,
महूच्या डेन्झिलकडून हप्त्यांनी घेतलेलं.
तो हप्ते मागायचा नाही, थालीपीठ मागायचा.
ती ढेकर मी सगळ्यात जाड तारेवर ठेवली,
फुस् आणि खड् बोटाच्या पेराने दाबून,
सूर नव्हे, नुसता धक्का.
डेन्झिल ऐकत राहिला. म्हणाला,
याला फंक म्हणतात.
मी म्हटलं, याला नर्मदा लाइन म्हणतात.

तो सांगू लागला, यात सगळा जीव पहिल्या ठोक्यात असतो,
बाकी कुठंही भटका, तिथं मात्र घरी या.
बंडू रिसबूड, अकरा वर्षं तबला
आणि आठ महिने ड्रम,
म्हणाला, मग सम म्हण की सरळ.
यावर अर्धा तास भांडले.
मग वाजवायला बसले, दोघं एकदम समेवर आदळले,
आणि भांडण तिथंच पडून राहिलं.

शब्द मी लिहिले नाहीत.
ते रोजच भिंतीवरून यायचे.
मी विचारायची, आलं का?
पलीकडून भोपटकर वहिनी: नाही अजून.
आलं का?
नाही अजून.
एवढंच गाणं. लोकांना ते प्रेमाचं वाटतं;
वाटू दे.

रेकॉर्डिंग जेल रोडला,
पोरवालांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे.
भिंतींना रजया, पंखा बंद,
एकच माइक, छताच्या हुकाला टांगलेला,
ज्याला मोठं ऐकू यायचं त्याने पुढे सरकायचं.
वहिनींना रिक्षाने आणलं,
कारण तो कंटाळा दुसऱ्या कुणाला जमेना.
त्या स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट,
आणि प्रत्येक वेळी तितक्याच थकून म्हणाल्या, नाही अजून.
चौथ्या टेकला, शेवटच्या वेळी, आपल्याच मनाने
पुढे जोडलं, बाई गं.
बंडूची काठी हवेतच थांबली.
ते हसणं नाही, ठोका चुकलाय तो;
पण तिथंच गाणं उघडलं, म्हणून ठेवलं.

ट्रम्पेटला शब्बीर मास्टर,
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, लग्नाच्या वेषातच.
त्यांनी नोटेशन पाहिलं नाही,
वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं,
आणि 'नाही अजून'च्या शेपटीला असा एक तुकडा लावला
की रजयासुद्धा हलल्या.
अडीच मिनिटांनी त्यांचा पोरगा दारात:
अब्बा, सियागंज में घोड़ी आ गई.
'माफ करना भिया,' म्हणत ते वाजवता वाजवताच निघाले;
नीट ऐकलंत तर ट्रम्पेट गल्लीत उतरतं, वळतं,
लहान होत जातं.
मागे कुणी तरी मला विचारलं,
तो विरह तुम्ही कसा सुचवलात?
सांगितलं, वरात होती.

पोरवाल टेपवर नाव लिहायला बसले.
मराठी त्यांना दुकानापुरतं.
विचारलं, ये आलं क्या होता है?
बंडू वायर गुंडाळत होता, मान वर न करता म्हणाला,
अदरक.
त्यांनी तसंच लिहिलं, निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात,
आणि आता ते तेच आहे.

वहिनींना सहा रुपये दिले.
त्यांनी चार परत केले.
आम्ही दाराशी आलो तेव्हा साडेतीन वाजत होते,
रिक्षा मिळेना,
आणि त्या घाई करत होत्या,
चला गं, चला,
यायची वेळ झाली.